मोबाइल कोरा करण्यापूर्वी : ‘फॅक्टरी रीसेट’ची सुरक्षित पद्धत

जून उजाडला की लातूर आणि नांदेड या दोन शहरांत मोठी अदलाबदल सुरू होते. बारावी आणि ‘नीट’ आटोपलेली मुले वसतिगृहे व भाड्याच्या खोल्या सोडून गावी परततात आणि त्यांच्या जागी दहावी उत्तीर्ण झालेली नवी मुले दाखल होतात. खाटा, पुस्तके आणि टेबलफॅन यांच्याबरोबर मोबाइलही हात बदलतात. थोरल्याचा फोन धाकट्याकडे जातो, वडिलांचा फोन शिकायला निघालेल्या मुलीकडे येतो, तर काही फोन लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत जुन्याच्या भावाने विकले जातात. अशा वेळी कुणी तरी हमखास सल्ला देतो, ‘एकदा रीसेट मारून टाका.’

हा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो अर्धा आहे. रीसेट करण्यापूर्वी काय करावे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना फोन कोरा करावा आणि मग ज्या ई-मेल खात्यावर प्रवेशाचे सारे पत्र येणार त्याचाच पासवर्ड आठवू नये, असा प्रसंग अनेक घरांत घडतो. कुठे दिवंगत आजीचा एकमेव ध्वनिमुद्रित आवाज जातो, कुठे अतिवृष्टीत वाहून गेलेल्या शेताची छायाचित्रे जातात. पुसली गेलेली माहिती परत मिळत नाही, म्हणून ही कृती नेमकी काय आहे आणि ती कोणत्या क्रमाने करावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फॅक्टरी रीसेट म्हणजे काय?

अँड्रॉइड फोनच्या साठवणीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एका भागात अँड्रॉइड प्रणाली व कंपनीने दिलेले कार्यक्रम असतात. दुसऱ्या भागात वापरणाऱ्याची माहिती, म्हणजे छायाचित्रे, संदेश, संपर्क क्रमांक, नंतर घेतलेली अ‍ॅप्स, खाती व पासवर्ड. फॅक्टरी रीसेटमध्ये हा दुसरा भाग संपूर्ण पुसला जातो. फोन दुकानातून आणला तेव्हा होता तसा रिकामा होतो. मात्र अद्ययावत केलेली अँड्रॉइडची आवृत्ती तशीच राहते. ती जुनी होत नाही. सिमकार्ड व काढता येण्याजोगे मेमरी कार्ड यांवरील माहितीला सहसा धक्का लागत नाही. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकही बदलत नाही.

रीसेटने माहिती खरोखर नष्ट होते का, ही शंका रास्त आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन या संशोधकांनी २०१५ मध्ये पाच कंपन्यांचे २१ वापरलेले फोन तपासले होते. त्यांवर अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेट केल्यानंतरही त्यांतून संदेश, छायाचित्रे आणि गूगल खात्यात प्रवेश देणाऱ्या खुणा परत मिळवता आल्या. पुढे ही स्थिती सुधारली. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात ठेवण्याची व्यवस्था आली आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनना ती बंधनकारक झाली. अशा फोनमध्ये रीसेटच्या वेळी माहिती उलगडणारी किल्लीच नष्ट केली जाते. कुलूप शाबूत पण किल्ली वितळवलेली, अशी ती स्थिती असते. त्यामुळे अलीकडचा फोन नीट रीसेट केला, तर त्यातील माहिती सामान्य दुकानदाराच्या वा भामट्याच्या हाती लागण्याची भीती जवळपास उरत नाही. घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोन पडून असेल, तर मात्र सेटिंग्जच्या ‘सिक्युरिटी’ विभागातील ‘एन्क्रिप्ट फोन’ हा पर्याय आधी वापरावा, नंतर रीसेट करावा. अथवा असा फोन विकूच नये.

रीसेटची खरोखर गरज आहे का?

फोन मंदावला की लगेच रीसेटकडे वळण्याची सवय पडली आहे. वस्तुतः हा शेवटचा उपाय आहे. बहुतेक वेळा मंदपणाचे कारण साठवण भरणे हे असते. ३२ किंवा ६४ जीबी क्षमतेच्या फोनमध्ये शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर येणाऱ्या पीडीएफ आणि ध्वनिचित्रफिती काही महिन्यांतच जागा व्यापतात. त्या संगणकावर हलवून वा काढून टाकल्या, तरी फोन पुन्हा चालू लागतो.

नेटवर्क, वाय-फाय किंवा ब्लूटूथ यांचीच तक्रार असेल, तर फक्त ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ करावे. त्यात छायाचित्रे वा संदेश जात नाहीत, केवळ जतन केलेले वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. एखादे अ‍ॅप वारंवार बंद पडत असेल, तर त्याची ‘कॅशे’ साफ करावी किंवा ते काढून पुन्हा घ्यावे. फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून पाहिल्यास बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स तात्पुरती थांबतात. त्या स्थितीत फोन सुरळीत चालला, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा आहे, हे उघड होते.

बॅटरी फुगणे, चार्जिंगचा सांधा सैल होणे, पडदा तडकणे हे दोष रीसेटने जात नाहीत. भिजलेल्या फोनबाबत तर विशेष सावध राहावे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांदेड-लातूरसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा पुष्कळांचे फोन पाण्यात गेले. असा फोन थोडा वेळ जरी सुरू होत असेल, तर तेवढ्या वेळात माहितीची प्रत काढून घ्यावी. पाण्याने बिघडलेले भाग रीसेटने दुरुस्त होत नाहीत; उलट वाचवता आली असती ती माहितीही जाते.

पूर्वतयारी : माहितीची प्रत

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. ज्याची प्रत ठेवलेली नाही, ते रीसेटनंतर कोणीही आणून देऊ शकत नाही. सेटिंग्जमधील ‘गूगल’ या विभागात ‘बॅकअप’ हा पर्याय असतो. त्यात अ‍ॅप्सची यादी, एसएमएस, कॉलची नोंद व फोनच्या मांडणीची प्रत ठेवली जाते. ‘बॅक अप नाऊ’ दाबून शेवटच्या प्रतीची तारीख आजची दिसते की नाही, हे पाहावे. मात्र या एका कळीने सर्व काही सुरक्षित झाले, असे मानू नये. पुढील गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

संपर्क क्रमांक : क्रमांक तीन ठिकाणी असू शकतात, गूगल खात्यात, सिमवर किंवा केवळ फोनमध्ये. केवळ फोनमध्ये जतन केलेले क्रमांक रीसेटमध्ये हमखास जातात. दुसऱ्या संगणकावर वा फोनवर आपल्या गूगल खात्यातील ‘कॉन्टॅक्ट्स’ उघडून आवश्यक क्रमांक तेथे दिसतात का, याची खात्री करावी. दिसत नसतील, तर संपर्कांच्या अ‍ॅपमधील ‘एक्स्पोर्ट’ वापरून त्यांची एक फाइल तयार करून ती स्वतःला ई-मेलने पाठवावी.

छायाचित्रे : गूगल फोटोजमध्ये अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता ई-मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे मिळून १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती भरली की प्रत काढणे थांबते. फोटोज अ‍ॅपमध्ये वरच्या कोपऱ्यातील आपल्या चिन्हावर बोट ठेवल्यास प्रत पूर्ण झाली की नाही, ते कळते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्या फोल्डरची प्रत काढण्याचा पर्याय स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे फोन केबलने संगणकास जोडून, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून, ‘डीसीआयएम’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ आणि ‘रेकॉर्डिंग्ज’ हे फोल्डर उतरवून घेणे. कॉलचे ध्वनिमुद्रण व घरच्यांचे आवाज बहुधा याच शेवटच्या फोल्डरमध्ये असतात आणि तेच नेमके विसरले जातात. उतरवलेल्या फाइलींपैकी चार-दोन संगणकावर उघडूनही पाहाव्यात.

व्हॉट्सअ‍ॅप : सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ व त्यात ‘चॅट बॅकअप’ येथे प्रत काढता येते. ध्वनिचित्रफिती हव्या असल्यास तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. ही प्रत ज्या मोबाइल क्रमांकाची व ज्या गूगल खात्यातील आहे, त्याच दोहोंवर परत मिळते. २०२१ पासून या प्रतीला स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावण्याची सोय आहे. ती सुरू केली असेल आणि पासवर्ड आठवत नसेल, तर प्रत असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून आधी पासवर्ड बदलून घ्यावा. रीसेटनंतर व्हॉट्सअ‍ॅप प्रथम सुरू करताना ‘रिस्टोअर’ विचारले जाते, तेथे घाईने ‘स्किप’ करू नये.

बँक व यूपीआय : यूपीआयची नोंदणी सिम व फोन या जोडीशी बांधलेली असते. रीसेटनंतर त्याच सिमवरून एसएमएस जाऊन नव्याने नोंदणी करावी लागते. यासाठी सिम चालू असणे आणि त्यावर एसएमएस पाठवण्याइतके रिचार्ज असणे आवश्यक आहे. यूपीआय पिन बँकेकडे असतो. तो फोन पुसल्याने पुसला जात नाही. ‘यूपीआय लाइट’मध्ये ठेवलेली शिल्लक मात्र त्या फोनशी निगडित असते. ती बँक खात्यात परत वळवून लाइट बंद करावे आणि मगच रीसेट करावे. नव्याने नोंदणी केल्यावर सुरुवातीला काही बँका व्यवहाराची मर्यादा कमी ठेवतात. म्हणून शिकवणीचे वा महाविद्यालयाचे शुल्क भरावयाच्या आदल्या रात्री रीसेटचा घाट घालू नये.

कागदपत्रे : डिजिलॉकरमधील गुणपत्रिका व प्रमाणपत्रे त्या व्यवस्थेच्या सर्व्हरवर असतात, फोनमध्ये नसतात, तेथे प्रवेशासाठीचा क्रमांक व पिन लक्षात असला म्हणजे पुरे. याउलट परीक्षेचे प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या, जातप्रमाणपत्राचे स्कॅन हे ‘डाउनलोड्स’मध्ये पडून असतात. गावाकडे शेती असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ई-पीक पाहणीची माहिती भरली, पण नेटवर्कअभावी ती अपलोड व्हायची राहिली असेल, तर आधी ते काम पुरे करावे. पीकनुकसानीची छायाचित्रेही प्रथम अन्यत्र हलवावीत.

मेमरी कार्ड व ई-सिम : मेमरी कार्ड काढून ठेवावे. मात्र ते ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडलेले असेल, तर त्यावरील माहिती त्या फोनच्या किल्लीनेच उघडते. अशा कार्डावरील फाइली रीसेटपूर्वीच संगणकावर घ्याव्यात. नंतर ते कार्ड कोठेही वाचता येत नाही. ई-सिम वापरणाऱ्यांना रीसेटच्या वेळी ‘ई-सिमही पुसायचे का’ असे विचारले जाऊ शकते. फोन स्वतःकडेच राहणार असेल, तर ते पुसू नये. विकायचा असेल, तर पुसावे.

गूगल खाते : खरी अडचण येथेच

रीसेटनंतर जी मंडळी दुकानांच्या पायऱ्या चढतात, त्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकच असते : फोन जुने खाते मागतो आहे. ही बिघाडाची खूण नसून चोरीविरोधी व्यवस्था आहे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’ हे संरक्षण आले. चोराने बटणे दाबून फोन पुसला, तरी आधीच्या मालकाचे गूगल खाते किंवा पडद्याचे कुलूप दिल्याशिवाय फोन सुरू होत नाही. अँड्रॉइड १५ मध्ये, २०२४ साली, ते अधिक कडक करण्यात आले. ही व्यवस्था प्रामाणिक मालक आणि चोर यांच्यात भेद करू शकत नाही. पासवर्ड माहीत असणे हीच तिच्या लेखी मालकीची ओळख.

आपल्याकडे ही अडचण अधिक येण्याचे कारण सरळ आहे. कित्येक खाती फोन घेताना दुकानातच उघडून दिलेली असतात. पासवर्ड दुकानदाराने ठेवलेला, तो कुणी लिहून घेतलेला नसतो. पुनर्प्राप्तीसाठी दिलेला क्रमांक गावी असलेल्या वडिलांच्या सिमचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेले. म्हणून रीसेटपूर्वी पुढील चार गोष्टी कराव्यात.

पहिली, फोनमध्ये कोणकोणती गूगल खाती आहेत, ते सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये पाहून कागदावर लिहावे. दुसरी, दुसऱ्या संगणकावर ई-मेल व पासवर्ड टाकून खाते उघडते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. आठवते असे वाटणे आणि उघडणे यांत फरक आहे. तिसरी, पासवर्ड आठवत नसेल, तर फोन चालू असतानाच तो बदलावा. मात्र बदलल्यानंतर किमान २४ तास रीसेट करू नये, अशी गूगलची सूचना आहे. चौथी, द्विस्तरीय पडताळणी सुरू असेल, तर खात्याच्या सुरक्षा विभागातून दहा ‘बॅकअप कोड’ घेऊन ते कागदावर उतरवावेत. अन्यथा खाते उघडताना येणारी ‘हे तुम्हीच आहात का’ ही विचारणा नेमकी त्याच पुसलेल्या फोनवर जाते आणि वर्तुळ पुरे होते. ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरणाऱ्यांनी त्यातील नोंदी गूगल खात्याशी जोडलेल्या आहेत की नाही, हे तपासावे. नसल्यास दुसऱ्या फोनवर हलवाव्यात.

प्रत्यक्ष रीसेट

फोन किमान ७० टक्के चार्ज करावा व शक्य असल्यास चार्जरला जोडून ठेवावा. वाय-फाय किंवा मोबाइल डेटा सुरू असावा. मग सेटिंग्ज उघडावी. कंपनीनुसार मार्ग थोडा बदलतो.

सॅमसंग : ‘जनरल मॅनेजमेंट’, ‘रीसेट’, ‘फॅक्टरी डेटा रीसेट’.
शाओमी, रेडमी व पोको : ‘अबाउट फोन’मध्ये किंवा ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये ‘फॅक्टरी रीसेट’.
विवो, ओप्पो व रिअलमी : ‘सिस्टिम’ किंवा ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ यांतील ‘बॅकअप अँड रीसेट’, ‘इरेज ऑल डेटा’.
मोटोरोला व पिक्सेल : ‘सिस्टिम’, ‘रीसेट ऑप्शन्स’, ‘इरेज ऑल डेटा’.

आवृत्तीप्रमाणे ही नावे मागेपुढे होतात. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘रीसेट’ असे लिहिले, तरी योग्य जागी पोहोचता येते. येथे ‘नेटवर्क रीसेट’, ‘ऑल सेटिंग्ज रीसेट’ असे जवळजवळचे पर्याय दिसतात. माहिती पुसणारा पर्याय कोणता, हे वाचूनच निवडावे. पडद्याचे कुलूप विचारले जाते, नंतर शेवटचा होकार घेतला जातो. फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पहिल्या सुरुवातीस नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. या काळात पॉवरचे बटण दाबून फोन बंद करू नये.

पडद्याचे कुलूप विसरले असेल किंवा फोन सुरूच होत नसेल, तर बटणांच्या साह्याने ‘रिकव्हरी’ स्थितीत जाऊन ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ निवडता येते. बहुतेक फोनमध्ये पॉवर व आवाज वाढवण्याचे बटण एकत्र धरावे लागते; काहींत आवाज कमी करण्याचे. परंतु या मार्गाने गेल्यास वर सांगितलेले संरक्षण लागू होते व जुने गूगल खाते मागितले जातेच. शिवाय या अवस्थेत प्रत काढण्याची संधी उरलेली नसते. खात्याचा तपशील मिळत नसेल, तर खरेदीचे बिल घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे. ‘लॉक तोडून देतो’ म्हणणाऱ्या फुकटच्या संगणक कार्यक्रमांतून फोनमध्ये नवेच संकट शिरण्याचा धोका असतो.

दुरुस्तीसाठी फोन देताना रीसेट करणे शक्य नसेल, तर सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमधील ‘मेंटेनन्स मोड’ किंवा पिक्सेलमधील ‘रिपेअर मोड’ सुरू करावा. त्यात कारागिराला फोन तपासता येतो. आपली छायाचित्रे व संदेश मात्र दिसत नाहीत. चिठ्ठीवर पॅटर्न काढून फोनला चिकटवून देण्याची पद्धत सोडलेली बरी.

फोन दुसऱ्याला देताना

विकताना किंवा नातेवाइकास देताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम प्रत, मग यूपीआय व बँकांच्या अ‍ॅपमधून नोंदणी काढणे, मग सॅमसंग किंवा शाओमी यांचे स्वतंत्र खाते असल्यास त्यातून बाहेर पडणे, त्यानंतर ‘अकाउंट्स’मधून गूगल खाते काढणे आणि सर्वांत शेवटी रीसेट. खाते फोनमधून काढल्याने ते कायमचे बंद होत नाही. ते केवळ त्या फोनपुरते वेगळे होते. सिम व मेमरी कार्ड आधी काढावे. रीसेटनंतर फोन सुरू करून स्वागताच्या पडद्यापर्यंत जाऊ द्यावा आणि तो जुने खाते मागत नाही, हे पाहूनच हवाली करावा. नंतर आपल्या गूगल खात्यातील ‘डिव्हाइसेस’च्या यादीतून तो फोन वगळावा.

जुना फोन घेणाऱ्यानेही तेवढेच सावध राहावे. *#०६# दाबून आयएमईआय पाहावा. इंग्रजी मोठ्या लिपीत केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास फोनची नोंद कळते. चोरीमुळे रोखलेला असेल, तर तेथे तसे दिसते. विक्रेत्याला समोरच रीसेट करावयास सांगावे आणि बिलाचा आग्रह धरावा. मागील मालकाचे खाते मागणारा फोन कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये. आयएमईआय बदलून देण्याच्या गोष्टी करणाऱ्यापासून तर दूरच राहावे. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार तो गुन्हा आहे.

फसवणूक वा चोरी झाली असल्यास

लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा शेतकरी योजनेची यादी या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडल्याने एसएमएस व ओटीपी परस्पर भामट्याकडे जाऊ लागतात. असे झाल्याचे लक्षात येताच फोन प्रथम ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रीसेटची घाई येथे नडते, कारण तो संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक व ती फाइल हाच पुरावा असतो. दुसऱ्या फोनने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, तक्रार नोंदवावी, पोलिसांना फोन हवा आहे का, ते विचारावे आणि त्यानंतरच रीसेट करावे. पुनर्स्थापना करताना सर्व अ‍ॅप्स सरसकट परत घेऊ नयेत. संपर्क व छायाचित्रे घ्यावीत, अ‍ॅप्स प्ले स्टोअरमधून एकेक करून नव्याने घ्यावीत. सर्व पासवर्ड अन्य फोनवरून बदलावेत. क्वचित रीसेटलाही दाद न देणारे कार्यक्रम असतात. २०१९ मध्ये उघडकीस आलेला ‘एक्सहेल्पर’ तसा होता आणि त्याची बाधा भारतातही झाली होती. लक्षणे टिकून राहिल्यास सेवा केंद्रात मूळ प्रणाली पुन्हा भरून घ्यावी लागते.

एखाद्या प्रकरणात तपास चालू असताना फोन पुसणे हा तर स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली दंडनीय आहे.

फोन चोरीला गेल्यास गूगलच्या ‘फाइंड हब’ या सेवेतून तो दुरून शोधता, कुलूपबंद करता किंवा पुसता येतो. पूर्वी हिचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होते. दुरून पुसल्यावर ठिकाण कळणे थांबते, म्हणून पुसणे हा शेवटचा टप्पा ठेवावा. पोलिसांत तक्रार देऊन, त्याच क्रमांकाचे नवे सिम घेऊन, २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आयएमईआय रोखण्याची विनंती करावी. चोराने रीसेट केले, तरी आयएमईआय तोच राहत असल्याने ही रोख कायम राहते. यासाठी फोनचे बिल व आयएमईआय क्रमांक आजच कागदावर नोंदवून घरात ठेवावा.

रीसेटनंतर

फोन सुरू झाल्यावर त्याच गूगल खात्याने प्रवेश करावा. प्रत परत घेण्याचा पर्याय याच वेळी दिला जातो. प्रथम प्रणालीची अद्ययावतता तपासावी, पडद्याचे कुलूप लावावे, मग व्हॉट्सअ‍ॅप, त्यानंतर बँकेची अ‍ॅप्स असा क्रम ठेवावा. संगणकावरील प्रत महिनाभर तरी पुसू नये. काय राहून गेले, ते वापरातच लक्षात येते.

थोडक्यात, रीसेटची कळ दाबण्यास एक क्षण पुरतो. तिच्या तयारीस मात्र एक संध्याकाळ हाताशी असावी. संपर्क, छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, कागदपत्रे आणि गूगलचा पासवर्ड, या सहा गोष्टी कागदावर लिहून प्रत्येकीपुढे खूण होईपर्यंत थांबावे. शिकायला निघालेल्या मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी आई-वडिलांनी त्याच्याबरोबर बसून ही यादी पुरी केली, तर फोन कोरा होईल आणि त्यातले जपण्याजोगे ते घरातच राहील. एरवी प्रत काढण्याची आठवण होते ती फोन पुसून झाल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे.